अक्षरांचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवणे म्हणजे काय यातायात असते, हे ज्याने ते एकदा हलवले आहे त्यालाच ठाऊक. भांडीकुंडी, अंथरुणे-पांघरुणे, धान्याच्या कोठ्या, देव्हारा असे सारे सामान बांधावे लागते, गाडीत चढवावे लागते, उतरवावे लागते. आणि एवढी दक्षता घेऊनही नव्या घरी लोणच्याच्या बरणीचे झाकण सापडत नाही ते नाहीच. तरी सामानाच्या बिऱ्हाडात एक सोय असते. काय हरवले, काय फुटले, ते डोळ्यांना दिसते. अक्षरांचे बिऱ्हाड हलवताना तशी सोय नसते. जुन्या संगणकातील मजकूर नव्या संगणकात नेला, तर त्यातील एखादे अक्षर वाटेत गळाले किंवा बदलले हे कित्येकदा वर्षानुवर्षे कोणाच्याही ध्यानात येत नाही.

वर्धा शहरातील एका घराची कल्पना करावी. त्या घरी १९९९ साली संगणक आला. एके काळी त्याची पेटी पांढरीशुभ्र होती. आता ती पिवळट पडली आहे. तिच्यावर विणलेला रुमाल आहे आणि रुमालावर फुलदाणी आहे. घरातील आजोबा, ज्यांना विदर्भाच्या रीतीप्रमाणे सर्व मुले 'आबाजी' म्हणतात, ते निवृत्तीनंतर या संगणकावर मराठी टंकलेखन शिकले. त्यांचे मूळ गाव कारंजा तालुक्यात, जिल्ह्याच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात. तेथे त्यांची आई पहाटे जात्यावर बसून ओव्या म्हणत असे. त्या ओव्या आबाजींनी तरुणपणी दोन वह्यांत उतरवून घेतल्या होत्या. संगणक आल्यावर एकेक ओवी त्यांनी स्वतः त्यात भरली, एकूण ३१२. पुढे एका पावसाळ्यात माळ्यावरच्या पेटीला वाळवी लागली आणि दोन्ही वह्यांची माती झाली. म्हातारी तर केव्हाच गेली होती. आता त्या ३१२ ओव्या जगात एकाच ठिकाणी उरल्या होत्या: पिवळट पेटीतील त्या जुन्या डिस्कवर.

अशा ओव्यांचे मोल महाराष्ट्राला नवे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात पुण्याहून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम आरंभले आणि गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहाने त्या इंटरनेटवर प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. तथापि प्रत्येक गावातील प्रत्येक जात्यापर्यंत कोण पोहोचणार? कारंज्याकडील त्या एका आईच्या ओव्या कोणत्याही संग्रहात नव्हत्या.

घरी नवा संगणक आला तेव्हा आठवीत शिकणारी नात म्हणाली, "आबाजी, तुमची जुनी पेटी आता भंगारात देऊ या. त्यातले सगळे मी नव्यात घेते." आबाजींनी तिच्याकडे पाहिले आणि ते शांतपणे म्हणाले, "आधी घे, बेटा. मग देण्याचे बोलू."

घेणे वाटले तितके सोपे नव्हते. जुन्या यंत्राला फ्लॉपी लावण्याची खाच होती. फ्लॉपी म्हणजे चौकोनी प्लॅस्टिकच्या आवरणात बसवलेली लवचीक चुंबकीय चकती, जिच्यावर १.४४ मेगाबाइट एवढाच मजकूर मावतो. ओव्यांना तेवढी जागा पुष्कळ होती. परंतु नव्या संगणकाला ती खाचच नव्हती, आणि कपाटात सापडलेल्या फ्लॉप्यांवर विदर्भाच्या पावसाळ्यांची बुरशी चढली होती. पेन ड्राइव्ह लावून पाहिला, तर जुन्या यंत्रातील विंडोज ९८ ही प्रणाली त्याला ओळखेना. कारण अशा साधनाची ओळख त्या प्रणालीला आधी निराळ्या प्रोग्रॅमने करून द्यावी लागते. दोन्ही यंत्रे चालू होती, शेजारी शेजारी ठेवलेली होती, आणि तरीही एकमेकांशी बोलू शकत नव्हती.

अखेर संगणक दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाला बोलावले. त्याने पहिल्यानेच सांगितले की जुने यंत्र पुन्हापुन्हा सुरू करून पाहू नये. डिस्कच्या आत तबकडी मिनिटाला हजारो वेळा फिरते आणि वाचणारे टोक तिच्यावर केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगते. वीस-पंचवीस वर्षांच्या यंत्रात ते टोक केव्हा तबकडीस घासेल याचा नेम नाही, आणि घासले की तेथील मजकूर गेला. त्याने पेटी उघडून डिस्क अलगद बाहेर काढली. तिच्या मागे ४० पिनांची जुन्या पद्धतीची जोडणी होती. एका टोकास तशी जोडणी व दुसऱ्या टोकास यूएसबी असलेली तार त्याच्यापाशी होती. त्या तारेने जुनी डिस्क नव्या संगणकाला लागली, आणि आबाजींचे सारे लिखाण पाच मिनिटांच्या आत नव्या घरी आले.

त्या माणसाने आणखी एक काम केले, आणि बहुतेक जण येथेच आळस करतात. जुनी फाइल आणि तिची नवी प्रत या दोहोंचा त्याने 'चेकसम' काढला. चेकसम म्हणजे फाइलीतील सर्व चिन्हांवर ठरावीक गणित करून काढलेली एक संख्या. एसएचए-२५६ नावाच्या रीतीने ती काढली तर ६४ चिन्हांत लिहिली जाते. फाइलीतील एक अक्षर जरी बदलले, एखादा स्वल्पविराम जरी गळाला, तरी ती संख्या ओळखू न येण्याइतकी पालटते. दोन्ही संख्या जुळल्या, तर प्रत मुळाबरहुकूम आहे असे निश्चिंतपणे समजावे. येथे त्या तंतोतंत जुळल्या.

एवढे झाल्यावर नातीने मोठ्या उत्साहाने फाइल उघडली; आणि ती किंचाळलीच. "आबाजी, सगळ्या ओव्या खराब झाल्या!" पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, तिरप्या रेघा, अंक आणि विरामचिन्हे यांचा निव्वळ काला झाला होता.

वास्तविक काहीच खराब झाले नव्हते. चेकसम जुळला होता. म्हणजे जुन्या यंत्रात जे होते तेच, जसेच्या तसे, नव्या यंत्रात आले होते. मग मराठी गेली कोठे? याचे उत्तर असे की जुन्या यंत्राच्या पोटात मराठी कधी नव्हतीच!

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, संख्या कळतात. अमुक संख्या म्हणजे अमुक अक्षर असा करार आधी ठरलेला असतो आणि त्या कराराप्रमाणे तो पडद्यावर अक्षरे काढतो. पूर्वी या करारात २५६ जागा असत आणि त्यांतील मुख्य जागा इंग्रजी अक्षरांनी व्यापलेल्या होत्या. तेव्हा मराठी लिहिण्यासाठी लोकांनी एक युक्ती योजली. त्यांनी अक्षरांचा नवा साचा, म्हणजे फॉन्ट, तयार केला आणि इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवल्या. 'डी'च्या घरात 'क' राहू लागला, 'के'च्या घरात काना राहू लागला. संगणक मनात 'डी, के, डी, के' असे साठवी आणि पडद्यावर मात्र 'काका' असे उमटे. जुन्या देवनागरी टंकलेखन यंत्रावरील कळांच्या मांडणीशी ही रचना जुळत असल्यामुळे टंकलेखकांना ती सोयीची वाटली. आबाजी वापरीत तो कृतिदेव फॉन्ट याच जातीचा. त्यात 'वर्धा' हा शब्द 'ओ, तिरपी रेघ, के, के, झेड' असा साठतो, आणि 'विनोबा' हे नाव 'एफ, ओ, यू, के, एस, सी, के' असे. हे पाहून पवनारच्या त्या ऋषितुल्य पुरुषालाही हसू आले असते. त्यांना अनेक भाषा आणि लिप्या येत होत्या, परंतु ही येत नव्हती.

असे फॉन्ट एकच असते तरी निभले असते. ज्याने त्याने आपापला फॉन्ट काढला आणि प्रत्येकाने घरे निराळी वाटली. एकाच्या 'डी'त 'क' राही, तर दुसऱ्याच्या 'डी'त भलतेच अक्षर. त्यामुळे वर्ध्याला लिहिलेले पत्र पुण्याला वाचता यावयाचे, तर पत्राबरोबर फॉन्टही पाठवावा लागे. देशात सर्वांना सामाईक करार असावा असे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली 'इस्की' नावाचा करार प्रमाण म्हणून जाहीर केला आणि पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने त्यावर आधारलेली साधने तयार केली. परंतु छापखान्यांत आणि घरांत फॉन्टच फोफावले. त्याच १९९१ साली युनिकोड या जागतिक कराराची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात जगातील निरनिराळ्या लिप्यांना स्वतंत्र घरे मिळाली; देवनागरीला १२८ घरांची एक वसाहतच मिळाली, क्रमांक २३०४ पासून २४३१ पर्यंत. तेथे 'व'चा क्रमांक २३५७ आहे आणि तो जगात कोठेही 'व'च आहे. मात्र हा करार कागदावरून घरोघरच्या यंत्रांत उतरण्यास आणखी बरीच वर्षे जावी लागली. विंडोजमध्ये देवनागरी उतरली ती विंडोज २००० या प्रणालीपासून. आबाजींच्या ओव्या त्याआधी सुरू झाल्या होत्या.

नव्या संगणकात तो जुना फॉन्ट बसवला असता, तर ओव्या पुन्हा दिसू लागल्या असत्या. तसे करून पाहिलेही. पण नातीने 'वर्धा' हा शब्द शोधावयास सांगितला, तेव्हा संगणकाने तो कोठेच नाही असे उत्तर दिले. आणि त्याच्या दृष्टीने ते खरेच होते. फॉन्ट हा नुसता रंगीत कागद. तो काढला की आतील वस्तू उघडी पडते. म्हणून मजकुराचे रूपांतर करणे प्राप्त होते. त्यासाठी प्रोग्रॅम मिळतात. ते जुने चिन्ह वाचून युनिकोडमधील क्रमांक लिहितात. त्यांचे काम नुसत्या अदलाबदलीचे नसते. जुना फॉन्ट अक्षरे जशी दिसतात तशी साठवतो: 'वि'मध्ये आधी वेलांटी आणि मग 'व', 'वर्धा'मध्ये रफार सर्वांत शेवटी. युनिकोड अक्षरे जशी उच्चारली जातात तशी साठवते: आधी 'व', मग वेलांटी; आणि 'र्' हा 'धा'च्या आधी. तेव्हा रूपांतर करणाऱ्याला वेलांट्या व रफार उचलून योग्य जागी ठेवावे लागतात. जोडाक्षरे आली की हे प्रोग्रॅम अडखळतात. शिवाय जुन्या फाइलीत 'वर्धा'ला ५ बाइट लागत, युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत १५ लागतात. म्हणजे रूपांतरानंतर ना आकार जुळतो ना चेकसम. तेथे माणसाने वाचून पाहणे एवढाच उपाय उरतो.

अक्षरांची अशी ने-आण करताना मोठमोठ्यांनाही ठेच लागली आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण वर्धा शहरापासून आठ किलोमीटरांवरील सेवाग्रामशी जोडलेले आहे. महात्मा गांधी १९३६ साली मगनवाडीहून शेगावला राहावयास गेले. त्याच गावाला १९४० साली सेवाग्राम हे नाव मिळाले. तेथील कुटीतून त्यांनी असंख्य पत्रे लिहिली. मूळ पत्रे ज्यांची त्यांच्याकडे गेली. गांधीजींच्या निधनानंतर ही पत्रे, लेख आणि भाषणे एकत्र करण्याचे काम भारत सरकारने १९५६ साली हाती घेतले. त्याचे पहिले संपादक भारतन् कुमारप्पा हे वर्ध्याच्या मगनवाडीतील ग्रामोद्योग संघात काम केलेले गृहस्थ होते. पुढे प्रा. के. स्वामिनाथन् यांनी दीर्घकाळ संपादकपद सांभाळले. १९५८ साली इंग्रजीतील पहिला खंड निघाला आणि १९९४ साली शंभरावा. गुजरातीत या ग्रंथमालेला 'गांधीजींचा अक्षरदेह' अशा अर्थाचे नाव दिले आहे. इतके समर्पक नाव क्वचितच एखाद्या ग्रंथाला लाभले असेल.

१९९९ साली हा अक्षरदेह कागदावरून संगणकाच्या सीडीवर उतरवण्यात आला. पन्नास हजार पानांच्या घरातील मजकूर तळहाताएवढ्या तबकडीवर मावला, याचे सर्वांना कौतुक वाटले. परंतु उतरवताना केवळ नक्कल केली गेली नाही. मजकुराची फेरमांडणीही केली गेली. नंतर सापडलेली पत्रे मुळात पुरवणी खंडांत होती, ती तारखेप्रमाणे मधे घालण्यात आली. हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे खंडांचे क्रमांक सरकले, आणि जगभरच्या पुस्तकांत 'अमुक खंड, अमुक पृष्ठ' असे जे हजारो संदर्भ दिलेले होते ते नव्या मांडणीशी जुळेनात. अभ्यासकांनी जुने खंड आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून ओळीने पडताळली, तेव्हा मूळ खंडांतील कित्येक नोंदी नव्या आवृत्तीत नाहीतच असे आढळले. संगणकाने कोठेही चूक दाखवली नव्हती. गळालेल्या पानाची जागा रिकामी दिसत नाही. मागचा मजकूर पुढे सरकतो आणि सारे अखंड भासते. अखेर २००५ साली सरकारने ती सुधारित आवृत्ती मागे घेतली. त्यानंतर मूळ शंभर खंडच प्रमाण मानून काम पुन्हा झाले. २०१३ साली साबरमती आश्रमाच्या विश्वस्त संस्थेने गांधी वारशाचे संकेतस्थळ उघडले आणि त्यावर छापील पानांच्या प्रतिमा जशाच्या तशा ठेवल्या. २०१५ साली गुजरात विद्यापीठाच्या साहाय्याने पडताळून तयार केलेली शंभर खंडांची संगणकीय प्रत प्रसिद्ध झाली. जुने छापील खंड त्या मधल्या काळात कोणी रद्दीत घातले असते, तर काय गळाले हे कळण्यास मार्गच उरला नसता.

वर्ध्याच्या त्या घरी रूपांतर झालेली फाइल उघडली तेव्हा ओव्या स्वच्छ देवनागरीत दिसू लागल्या. नात म्हणाली, "आबाजी, आता झाले."

"आता वाचून पाहू," आबाजी म्हणाले. "मला दिसत नाही नीट. तू वाच, मी ऐकतो."

ती वाचू लागली आणि आबाजी डोळे मिटून बसले. कोठे वेलांटी हुकली होती, कोठे जोडाक्षर तुटले होते. त्या चुका नातीच्याच लक्षात येत आणि ती त्या दुरुस्त करी. अठ्ठाविसाव्या ओवीत ती सहज वाचून गेली. माहेरच्या वाटेवर दर्या लागतो, असा तिचा अर्थ होता. आबाजींनी डोळे उघडले.

"काय वाचलेस?"

"दर्या. दर्या म्हणजे समुद्र ना, आबाजी?"

"अगं, माझ्या आईने समुद्र उभ्या जन्मात पाहिला नाही. कारंज्याच्या वाटेवर कुठला आला समुद्र? दऱ्या! डोंगरातल्या दऱ्या."

नातीने पडद्याकडे पाहिले. तेथे रफार होता. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमचा दोष असेल म्हणून तिने जुनी फाइल जुन्या फॉन्टमध्ये उघडली. तेथेही रफारच होता. आबाजींना तेव्हा आठवले. त्यांचा तो फॉन्ट मुख्यतः हिंदीसाठी केलेला. मराठीतील 'वाऱ्या', 'तऱ्हा', 'बिऱ्हाड' या शब्दांत जो आडवा, पापणीसारखा अर्धा र लागतो, तो हिंदीला लागत नाही. म्हणून तो त्या फॉन्टमध्ये नव्हता. आबाजींनी नाइलाजाने सर्वत्र रफार देऊन वेळ निभावली होती. नक्कल बिनचूक होती. चूक मुळातच होती. आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमला ती सापडली नसती, कारण 'दर्या' हाही मराठीतील निर्दोष शब्दच आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोहोंत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे, पण यंत्राला दोघेही सारखेच मान्य! युनिकोडमध्ये साध्या 'र'चा क्रमांक २३५२ आणि या मराठी 'ऱ'चा २३५३; अवघा एकाचा फरक, आणि तेवढ्याने डोंगराच्या ठिकाणी समुद्र येतो.

"मग जुन्या फाइलीत पण दुरुस्त करू?" नातीने विचारले.

"नको," आबाजी म्हणाले. "ती आहे तशी राहू दे. माझ्या हातची चूक आहे, ती दिसली पाहिजे. दुरुस्ती नव्या प्रतीत कर आणि खाली लिही, की येथे जुन्यात दर्या असे आहे."

तिने तसेच केले. मग जुन्या फाइलीची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन तो पुण्याच्या आत्याकडे पाठवावयाचे ठरले, आणि जुनी डिस्क कापडात गुंडाळून, वर तारीख लिहून, आबाजींच्या कपाटात गेली. पिवळट पेटी मात्र रिकामी झाली होती. तिच्यावरची फुलदाणी नातीने खिडकीत नेऊन ठेवली.

त्या संध्याकाळी चाळीस ओव्या वाचून झाल्या. त्यांत नऊ ठिकाणी रफाराचा आडवा र झाला, आणि एके ठिकाणी आबाजींना आईने म्हटलेला शब्द काही केल्या आठवेना. तेथे नातीने प्रश्नचिन्ह घालून ठेवले. २७२ ओव्या उरल्या. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर एकेचाळिसाव्या ओवीपासून बसावयाचे ठरवून तिने संगणक बंद केला.